नववा गडी

एखादा खेळ खरोखर 'प्रोफेशनल' झालाय का, हे तपासायची माझी एक साधी टेस्ट आहे. सगळ्यात मोठ्या स्टारला किती मिळतात ते बघायचंच नाही. संघातला सगळ्यात कमी ओळखीचा, बदली म्हणून घेतलेला, पुढच्या वर्षी कुठल्या संघात असू हे स्वतःलाही ठाऊक नसलेला खेळाडू शोधायचा, आणि त्याचं घर त्या खेळावर चालतं का तेवढं बघायचं. चालत असेल तर तो धंदा. नसेल तर ती जत्रा. आणि जत्रेत कोण कमावतं ते आपल्याला माहीत आहेच.

या टेस्टवर आपला खो-खो सपशेल नापास होतो. आणि आपण, म्हणजे पुण्या-मुंबईत एसीत बसून विजयी संघाचे फोटो फॉरवर्ड करणारी मंडळी, त्याला डिस्टिंक्शन देऊन मोकळे झालोय. आजचं भांडण त्यावर आहे. धाराशिवचं उदाहरण घेऊन भांडणार आहे, पण आधी जरा लांबून येतो. अमेरिकेतून.

अमेरिकन फुटबॉल तुम्ही बघत नसाल तर काही बिघडत नाही. मीही टीममधल्या अमेरिकन लोकांशी कॉलवर बोलायला विषय हवा म्हणूनच बघायला लागलो. त्यात ११ जणांचा संघ. एक क्वार्टरबॅक, जो चेंडू फेकतो, जाहिरातीत दिसतो. काही जण चेंडू झेलतात, काही घेऊन पळतात. आणि अगदी पुढे पाच धिप्पाड माणसं ओळीनं उभी असतात. एक सेंटर, दोन गार्ड, दोन टॅकल. ही ऑफेन्सिव्ह लाइन. यांचं काम एकच: समोरून धावून येणाऱ्या सव्वाशे-दीडशे किलोच्या माणसांना अडवायचं, आणि क्वार्टरबॅकला दोन-तीन सेकंद मिळवून द्यायचे. या पाचांना नियमानुसार एरवी पुढे फेकलेला पास झेलताही येत नाही. म्हणून अंगावर ५० ते ७९ मधले ठरावीक नंबर. धावा, यार्ड, टचडाउन, कशातच नाव नाही. स्टेडियमच्या भोंग्यावर यांचा नंबर पुकारला गेला तर समजायचं की फाउल केलाय, संघाला १० यार्ड दंड बसलाय.

आपल्या भाषेत सांगायचं तर प्रॉडक्शन सपोर्टवाला. सिस्टीम वर्षभर चालली तर त्याचं नाव कुणाला माहीत नसतं. एक रात्र बंद पडली की थेट व्हाइस प्रेसिडेंटच्या मेलमध्ये.

या लाइनमध्येही सगळे राजे नसतात. काही जण बारा गावचं पाणी प्यालेले. ड्राफ्टमध्ये कुणी निवडलं नाही, सरावाच्या तुकडीतून वर आला, दोन सामने खेळला, सोडून दिला, दुसऱ्या संघानं घेतलं, कुणाचा तरी गुडघा गेला म्हणून तिसऱ्यानं बोलावलं. सहा-सात वर्षांत चार-पाच शहरं. बायको-पोरं आणि सामान घेऊन फिरायचं. अशी कारकीर्द असलेले लाइनमन त्या लीगमध्ये ढिगानं आहेत आणि त्यांच्यावर कुणी सिनेमा काढत नाही.

पण आता आकडे बघा. २०२५ च्या हंगामात एनएफएलमध्ये अगदी नवख्या खेळाडूचा किमान पगार ८ लाख ४० हजार डॉलर होता. सरावाच्या तुकडीत असलेल्या, म्हणजे सामन्यात न खेळणाऱ्या नवख्या माणसाला आठवड्याला १३ हजार डॉलर. तीन हंगाम मोजले गेले की म्हातारपणी पेन्शनचा हक्क. आपल्याकडच्या आयटी कंपनीतल्या 'बेंच'सारखंच की! प्रोजेक्ट नाही तरी पगार चालू. फरक एवढाच, की आपण बेंचवर बसून कॅन्टीनच्या चहाला नावं ठेवतो, तो रोज सकाळी मार खातो.

स्वर्ग नाहीये तो. करार बहुतेक वेळा पूर्ण गॅरंटीचे नसतात, कधीही डच्चू मिळतो. सरासरी कारकीर्द संघटनेच्याच हिशोबानं जेमतेम तीन-साडेतीन वर्षांची. डोक्याला बसलेल्या माराची किंमत किती भयानक असते हे त्या खटल्यांमधून सगळ्या जगानं पाहिलंय. पण तरी, एकही टचडाउन न करता पाच संघ फिरलेला माणूस त्या खेळावर घर बांधतो. माझ्या टेस्टमध्ये पास.

आता आपल्याकडे या.

खो-खो आपण सगळे शाळेत खेळलोय, पण नीट बघितलाय का कधी? संघ नऊ जणांचा. आक्रमण करताना एक पळतो आणि आठ मधल्या पाटीवर बसतात, एकाआड एक उलट्या तोंडानं. पळणाऱ्याला मागे वळता येत नाही, मधली पाटी ओलांडता येत नाही. म्हणजे पळणारा गडी कितीही चपळ असू द्या, समोरच्यानं हुलकावणी देऊन बाजू बदलली की तो संपला. मग सगळी मदार बसलेल्यावर. 'खो' मिळायच्या आत उठला तर फाउल. अर्धा सेकंद उशिरा उठला तर समोरचा गडी निसटला. पुढचा खो कुणाला द्यायचा, समोरच्याला कुठल्या खांबाकडे रेटायचं, हे सगळं त्या बसलेल्यांच्या डोक्यात चालू असतं. तीन-चार खो अचूक पडतात तेव्हा कुठे शेवटचा गडी खांबावर सूर मारतो आणि फोटो येतो.

दुसऱ्या दिवशी पेपरात काय छापून येतं? कंसात पळतीचा वेळ आणि बाद केलेले गडी. ज्यानं चौथ्या चौकोनात बसून सामनाभर अचूक खो दिले, त्याच्या नावापुढे कंसच नाही. कधीकधी नावही नाही. हा आपला लाइनमन. मी त्याला नववा गडी म्हणतो.

२०२२ मध्ये पुण्याच्या बालेवाडीत अल्टिमेट खो-खो लीगचा पहिला हंगाम झाला. ४ सप्टेंबरच्या फायनलमध्ये ओडिशा जगरनट्सनं तेलुगु योद्धाजला ४६-४५ असं हरवलं. एका गुणानं! शेवटच्या क्षणांत सूरज लांडेनं हवेत झेप घेऊन गडी टिपला आणि सामना फिरला. ती झेप जबरदस्त होती, वादच नाही. पण ४६ गुणांतले बाकीचे ज्यांनी एकेक करून जमवले, त्यातली किती नावं तुम्हाला सांगता येतील? मलाही दोनच्या पुढे जमलं नाही.

असो. मुद्दा धाराशिवचा.

धाराशिव (२०२३ पर्यंतचं उस्मानाबाद) म्हटलं की शहरातल्या माणसाला तुळजाभवानी, दुष्काळ आणि फार तर उस्मानाबादी शेळी आठवते. खो-खोवाल्यांना मात्र मुली आठवतात. महाराष्ट्राच्या मुलींच्या संघाची यादी वाचली की जिल्ह्याचं नाव दिसणारच. त्यामागे डॉ. चंद्रजित जाधव यांच्यासारख्या प्रशिक्षकांची वर्षानुवर्षांची मेहनत आहे. आणि दुसरं एक कारण आहे जे कुणी भाषणात सांगत नाही: या खेळाला पैसे लागत नाहीत. दोन खांब, पोतंभर फक्की आणि मोकळी जमीन. ज्या जिल्ह्यातून दरवर्षी माणसं ऊसतोडीला बाहेर जातात, तिथल्या पोरीला टेनिसची रॅकेट कोण देणार? खो-खो परवडतो, म्हणून खो-खो.

त्या मैदानावरून सारिका काळे आली. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार. २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला, खो-खोच्या वाट्याला तब्बल २२ वर्षांनी. त्या वेळी तिनंच पत्रकारांना सांगितलं होतं, की घरच्या परिस्थितीमुळे जवळजवळ दहा वर्षं बऱ्याचदा दिवसातून एकदाच जेवायला मिळायचं.

ही बातमी तेव्हा तुफान फिरली. आणि आपण काय केलं? 'सलाम', 'प्रेरणादायी', 'जिद्द असावी तर अशी'. मला त्या शब्दांचा संताप येतो. एक मुलगी दहा वर्षं अर्धपोटी राहून देशासाठी खेळते, यात तिची जिद्द आहेच, पण आपली लाजही आहे ना? उपाशी पोटाची गोष्ट आपल्याला फार आवडते, कारण ती शेवटी पुरस्कारानं संपते. ज्यांची पुरस्कारानं संपली नाही त्यांची गोष्ट कुणी विचारतच नाही. सारिका कर्णधार होती. कर्णधाराची ही गत, तर तिच्या शेजारच्या चौकोनात बसणाऱ्या मुलीची काय असेल? आणि बघा, अर्जुन मिळाला तेव्हा सारिका तुळजापूरला क्रीडा अधिकारी म्हणून नोकरी करत होती. म्हणजे पोट भरलं ते नोकरीनं. खेळानं नव्हे.

पुढचं उदाहरण ताजं आहे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो वर्ल्ड कप झाला. भारताच्या मुलींनी फायनलला नेपाळला ७८-४० असं हरवलं. १५ जणींच्या त्या संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती. राज्य सरकारनं विश्वविजेत्या संघातल्या महाराष्ट्राच्या खेळाडूंना प्रत्येकी सव्वादोन कोटी रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. इतकं मोठं, की कर्नाटकच्या दोन विश्वविजेत्या खेळाडूंनी महाराष्ट्राकडे बोट दाखवून आपल्या सरकारचे ५ लाख नाकारले!

आधीच सांगतो, अश्विनीच्या एका रुपयावरही माझा डोळा नाही. कमावलेत तिनं. उलट कमीच आहेत म्हणा. पण जरा कॅल्क्युलेटर काढा. जिल्ह्याच्या १२ मुलींच्या संघाला महिन्याला १० हजार रुपये प्रत्येकी दिले तर वर्षाला होतात १४ लाख ४० हजार. म्हणजे एका बक्षिसाएवढ्या रकमेत एका जिल्ह्याचा अख्खा संघ साडेपंधरा वर्षं दूध-अंडी खाऊन, बूट घालून, गुडघ्यावर उपचार करून खेळेल. सरकारकडे पैसे नाहीत असं आता कुणी म्हणू नये. पैसे आहेत. फक्त ते जिंकल्यावर मिळतात. ज्या दिवसांत खेळाडूला खरी गरज असते, म्हणजे १४ ते २२ च्या वयात, तेव्हा खिसा रिकामा. हे म्हणजे प्रोजेक्ट लाइव्ह गेल्यावर एकाच डेव्हलपरला फ्लॅट द्यायचा, आणि तोपर्यंत सगळ्या टीमला बिनपगारी राबवायचं.

यावर नेहमीचे तीन प्रतिवाद येतात. एकेक घेऊ.

पहिला: "अरे, आता लीग आहे की!" आहे ना. हिशोब करा. अल्टिमेट खो-खोचा पहिला हंगाम १४ ऑगस्ट ते ४ सप्टेंबर २०२२. दुसरा २४ डिसेंबर २०२३ ते १३ जानेवारी २०२४. एकेक हंगाम तीन आठवड्यांचा आणि मध्ये जवळजवळ सोळा महिन्यांची गॅप. सोळा महिने पगार नसलेल्या नोकरीला तुम्ही करिअर म्हणाल का? होमलोनवाला म्हणेल का? आणि धाराशिवसाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: त्या दोन्ही हंगामांत सहाच्या सहा संघ पुरुषांचे. ज्या जिल्ह्याची ओळखच मुलींमुळे आहे, त्याच्या मुलींनी काय करायचं? टीव्हीवर बघायचं?

लीग नीट चालू शकते हे आपल्याच मातीत दिसलंय. प्रो कबड्डी २०१४ पासून चालू आहे. २०२३ च्या लिलावात पवन सेहरावतला २ कोटी ६० लाखांच्या वर मिळाले ते सोडा, मला त्यातला दुसरा आकडा आवडतो: तळाच्या ड गटाची मूळ किंमत ९ लाख होती. कोपऱ्यात उभं राहून घोटे पकडणाऱ्या साध्या बचावपटूलाही त्यात वर्ष काढता येतं. पण तिथंही बायकांच्या नावानं शिमगाच. २०१६ मध्ये तीन संघांचं वुमेन्स कबड्डी चॅलेंज झालं, पुढच्या हंगामात गायब. उलट क्रिकेटनं २०२३ मध्ये मुलींची लीग काढली तेव्हा सगळ्यात खालची मूळ किंमत १० लाख ठेवली. म्हणजे जमतं. ठरवलं तर जमतं.

दुसरा प्रतिवाद: "पाच टक्के कोटा आहे ना नोकरीत." आहे. २००५ पासून महाराष्ट्रात खेळाडूंना सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे, आणि मी त्याला नावं ठेवणार नाही. उलट एक गोष्ट त्याच्या बाजूनं बोलतो: संघाच्या पदकाचं प्रमाणपत्र सगळ्यांना सारखं मिळतं. तू किती गडी बाद केलेस असं ते विचारत नाही. नवव्या गड्याला कर्णधाराच्या बरोबरीनं मोजणारी ही आपल्याकडची बहुधा एकमेव व्यवस्था. पण ती खेळाचा पगार नाही, खेळ सोडल्याचा मोबदला आहे. जाहिरात निघेपर्यंत थांबा, परीक्षा द्या, प्रमाणपत्राची पडताळणी करून घ्या. मध्ये बोगस प्रमाणपत्रवाले घुसतात, त्यामुळे खऱ्यांचीच चौकशी लांबते. माझ्याबरोबर शाळेत असलेला एक जण राज्य पातळीवर खेळायचा. गुडघा गेला, पदक हुकलं, आज पतपेढीची डेली गोळा करत फिरतो. त्याच्यासाठी कोटा नव्हता, लीग नव्हती, विमा नव्हता. मैदानावर त्यानं जेवढं रक्त सांडलं तेवढं मी कीबोर्डवर घामही गाळलेला नाही, आणि माझा मेडिक्लेम कंपनी भरते.

तिसरा प्रतिवाद सगळ्यात हुशार वाटतो: "बॉस, मार्केट आहे. लोक बघत नाहीत, तर पैसा कुठून येणार?" एमबीए झालेले मित्र हे फार आत्मविश्वासानं सांगतात. मग मला सांगा, ऑफेन्सिव्ह लाइनमनला बघायला कोण तिकीट काढतं? कुणीच नाही. लोक क्वार्टरबॅकला बघायला येतात. त्या खेळात पैसा अफाट आहे हे खरं, पण तो आपोआप पाझरत तळापर्यंत गेला का? अजिबात नाही.

ती गोष्ट ऐकण्यासारखी आहे. जीन अपशॉ नावाचा माणूस. ओकलंड रेडर्सचा लेफ्ट गार्ड, म्हणजे स्वतःच लाइनमन. १९८३ मध्ये तो खेळाडूंच्या संघटनेचा प्रमुख झाला. १९८७ मध्ये खेळाडूंनी संप केला तर मालकांनी चक्क बदली खेळाडू आणून सामने खेळवले. संप महिनाभरही टिकला नाही, संघटना तोंडावर आपटली. मग हे लोक कोर्टात गेले. वर्षानुवर्षं खटले चालले, आणि १९९३ मध्ये खेळाडूला करार संपल्यावर हवा तो संघ निवडायचा हक्क मिळाला. त्यानंतर लाइनमनचे भाव असे वाढले की क्वार्टरबॅकची पाठ राखणारा लेफ्ट टॅकल लीगमधल्या महागड्या खेळाडूंत जाऊन बसला. मालकांना अचानक पान्हा फुटला म्हणून नव्हे. ज्याला कुणी बघत नव्हतं त्यानं टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसून हिशोब मागितला म्हणून.

गंमत म्हणजे हा खेळ आपल्याकडे आणायचाही प्रयत्न झालाय. एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया! पुणे मराठाज, मुंबई ग्लॅडिएटर्स अशी दणदणीत नावं. २०१२ मध्ये श्रीलंकेत नेऊन सामने खेळवले, चित्रीकरण केलं. आज तुमच्या ओळखीत कुणाला त्यातला एक खेळाडू आठवतो का बघा. आपण अमेरिकेहून हेल्मेटं आणली, खांद्याची पॅडं आणली, चीअरलीडर्सची कल्पना आणली. आणायची होती ती एकच गोष्ट तिथेच राहिली: किमान करार आणि खेळाडूंची संघटना.

संघटना म्हटलं की आपल्या क्षेत्रातल्या लोकांना लगेच लाल झेंडे आणि गेटसमोरचा मंडप दिसतो. घाबरू नका. मी मागतोय ते फार साधं आहे. एक, खो-खोची कुठलीही लीग भरवायची तर तळाच्या खेळाडूचा किमान करार आधी जाहीर करा, आणि तो वर्षाचा असू द्या, तीन आठवड्यांचा नको. दोन, मुलींचे संघ पहिल्या दिवसापासून. 'पुढच्या टप्प्यात बघू' हे वाक्य बंद. तीन, जिल्हा संघात निवड झालेल्या प्रत्येकीला दरमहा मानधन आणि दुखापतीचा विमा. जिंकल्यावर नव्हे, निवड झाल्यावर. चार, फेडरेशनच्या टेबलावर खेळत्या खेळाडूंनी निवडून दिलेला एक माणूस. मावळते खेळाडू नकोत, आमदार तर नकोच नको. आणि जमल्यास तो माणूस कर्णधार नसावा. चौकोनात बसणारा असावा.

यातलं एकही कलम कुणाला दिवाळखोर करणारं नाही. फ्लेक्स, फेटे, उघड्या जीपमधली मिरवणूक आणि पाहुण्यांची हारतुऱ्याची लाइन यांवर होणारा खर्च आधी मोजून बघा, मग बोला.

तोपर्यंत आपल्यासारख्यांनी एवढं तरी करावं. पुढच्या वेळी विजयी संघाचा फोटो ग्रुपवर आला की अंगठा दाखवायच्या आधी खालच्या रांगेत डावीकडून तिसरी कोण आहे ते विचारा. तिचं नाव काय, ती काय खाते, तिचा विमा कोण भरतं, पुढच्या वर्षी ती कुठे खेळणार. ग्रुपवर कुणालाही उत्तर देता आलं नाही, तर तो खेळ अजून प्रोफेशनल झालेला नाही. मग कप कितीही येऊ देत.

ता. क. 'एवढं पोटतिडकीनं लिहितोस तर मदत कर की' असं म्हणणाऱ्यांसाठी: करतो, आणि तुम्हीही करा. बूट, फी, डॉक्टरचं बिल, जे जमेल ते. पण देणगी आणि पगार यात फरक आहे. आपल्याला दर महिन्याच्या शेवटी जे मिळतं त्याला आपण देणगी म्हणत नाही. तिनंही का म्हणावं?